कोला सुटत नाही, पण साखर सोडायची आहे? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

२०१९ च्या दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ९.२ आलं. मधुमेहच. डॉक्टरांनी दिवसभरात काय काय पोटात जातं ते विचारलं. भात, पोळी, दोन चहा असं सगळं सांगून झाल्यावर अगदी शेवटी निघालं ते दुपारच्या जेवणानंतरचं थंडगार थम्स अप. वीस वर्षांची सवय. "ते बंद करा," एवढंच डॉक्टर म्हणाले. पण बंद होईना. मग मी साखर नसलेल्या कोलांच्या मागे लागले, आणि पहिल्या दोन वर्षांत जवळजवळ प्रत्येक चूक करून झाली. त्यातली एक तर जिवावर बेतली असती. ज्यांच्या घरात आत्ता हा प्रश्न उभा आहे, त्यांना त्या चुका करायला लागू नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते.

मी डॉक्टर नाही. औषधं आणि इन्सुलिनचा डोस हा तुमच्या डॉक्टरांचा विषय आहे. मी बाटलीबद्दल सांगतेय.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

- चालू स्थितीतलं ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या पट्ट्या
- मापाचा कप (१०० आणि १५० मिलीची खूण असलेला)
- मोबाइल, कारण लेबलवरची अक्षरं इतकी बारीक असतात की फोटो काढून मोठी करूनच वाचावी लागतात
- चालू औषधांची चिठ्ठी (का, ते सातव्या टप्प्यात कळेल)
- ग्लुकोज पावडरचं एक पाकीट

१. आधी आत्ताची साखर मोजा

साध्या कोलामध्ये १०० मिलीला साधारण साडेदहा ते अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलीच्या एका कॅनमध्ये बत्तीस ग्रॅमच्या आसपास. चहाचा सपाट चमचा पाच ग्रॅमचा धरला तर सहा-साडेसहा चमचे. घरातली ७५० मिलीची बाटली दोघांत संपत असेल, तर तिच्यात सोळा चमचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि जमलं तर पंचवीसच्या आत. एक कॅन त्या पंचविसाच्या पुढे जातो.

हे आकडे नुसते सांगून नवऱ्याला पटले नाहीत. मी वाटीत बत्तीस ग्रॅम साखर मोजून त्याच्या ताटाशेजारी ठेवली, तेव्हा पटले. तुम्हीही हे एकदा कराच. घरात लहान मुलं असतील तर आणखी एक प्रयोग करा. बादलीभर पाण्यात साध्या कोलाचा आणि बिनसाखरेच्या कोलाचा असे एकाच मापाचे दोन बंद कॅन सोडा. साखरेचा तळाला जातो, दुसरा तरंगतो. साखरेचं वजन डोळ्यांना दिसतं.

२. "शुगर फ्री", "लो शुगर", "रिड्यूस्ड": तीन शब्द, तीन अर्थ

आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, या शब्दांना मापं ठरवून दिली आहेत.

शुगर फ्री म्हणजे १०० मिलीमध्ये जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम साखर. लो शुगर म्हणजे पातळ पदार्थात १०० मिलीला जास्तीत जास्त २.५ ग्रॅम. आणि "साखर कमी केलेलं" म्हणजे तशाच दुसऱ्या पदार्थापेक्षा निदान पंचवीस टक्के कमी. हा तिसरा शब्द फसवतो. अकरा ग्रॅमचे आठ झाले तरी तो दावा खरा ठरतो, आणि आठ ग्रॅम म्हणजे ३०० मिलीला चोवीस ग्रॅम साखर.

"नो ॲडेड शुगर" हा आणखी वेगळा शब्द. वरून साखर घातलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. सफरचंदाच्या किंवा संत्र्याच्या पॅकबंद रसावर तो दिसतो, पण फळाची स्वतःची साखर १०० मिलीला आठ-दहा ग्रॅम असतेच. आमच्याकडे पाहुण्यांनी "कोलापेक्षा हे बरं" म्हणून असा रस आणून दिला होता. तो प्यायल्यावर मोजलेली शुगर मला आजही आठवते.

३. पुढचं चित्र सोडा, बाटली फिरवा

मागच्या बाजूला तीन जागा पाहायच्या.

पहिली, पोषणमूल्यांचा तक्ता. त्यात "टोटल शुगर्स" आणि "ॲडेड शुगर्स" या ओळी शोधा, आणि आकडा १०० मिलीचा आहे की एका वेळच्या वाढणीचा तेही बघा. वाढणी दीडशे-दोनशे मिलीची धरलेली असते आणि बाटली सहाशेची. आपण बाटली पितो, म्हणून गुणाकार आपणच करायचा.

दुसरी, घटकांची यादी. गोडी देणारे पदार्थ इथे क्रमांकाने लिहिलेले असतात. हे क्रमांक पाठ करा, फार नाहीत:

- ९५० एसेसल्फेम पोटॅशियम, साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड
- ९५१ ॲस्पार्टेम, तेही सुमारे दोनशे पट
- ९५५ सुक्रालोज, सुमारे सहाशे पट
- ९६० स्टीवियाच्या पानांतून काढलेला गोड अर्क
- ९५४ सॅकरिन, यातलं सगळ्यात जुनं, १८७९ मध्ये सापडलेलं

कोलामध्ये बहुधा दोन एकत्र असतात. ९५० ची गोडी जिभेवर लगेच येते आणि मागे किंचित कडूपणा सोडते. ९५१ ची गोडी उशिरा येते आणि रेंगाळते. दोघं मिळून एकमेकांची उणीव झाकतात. याच यादीत ३३८ हे फॉस्फोरिक आम्ल आणि १५०डी हा कॅरमलचा रंग दिसेल. ते साध्या कोलामध्येही असतात.

तिसरी, इशाऱ्याची ओळ. गोडी देणारे पदार्थ घातले असतील तर तसं स्पष्ट लिहावं लागतं, लहान मुलांसाठी योग्य नाही असंही लिहिलेलं असतं, आणि ९५१ असेल तर फिनाइलकीटोन्युरिया (ॲस्पार्टेममधला एक घटक शरीराला पचवता न येणारा जन्मजात आजार) असलेल्यांसाठी वेगळा इशारा असतो. खरं तर गर्दीच्या दुकानात माझी भिस्त याच ओळीवर असते. "कन्टेन्स नॉन-कॅलरिक स्वीटनर" दिसलं की पुढचं वाचायचं, नाही दिसलं तर बाटली परत ठेवायची. मात्र ही ओळ आहे म्हणजे साखर शून्यच आहे असं नव्हे. साखर आणि स्वीटनर दोन्ही घातलेली पेयंही असतात, म्हणून तक्ता बघायचाच.

४. प्रकार ओळखा, मग चव निवडा

नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो इथे. कारण बाटलीवरचं नाव साखरेबद्दल काही सांगेलच असं नाही. पेप्सी ब्लॅक बिनसाखरेचा आहे, पण कोला तर सगळेच काळे. थम्स अप एक्स फोर्सही बिनसाखरेचा, पण नाव ऐकून ते कुणाच्या लक्षात येणार? आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मला दोनदा साधं थम्स अप काढून दिलं आणि "एकच आहे हो ताई" म्हणाला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, त्यालाही फरक माहीत नव्हता.

डाएट कोक हा साध्या कोकमधून फक्त साखर काढून केलेला नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत तो आला तो स्वतंत्र कृती घेऊन. चव हलकी, थोडी लिंबाकडे झुकणारी. ज्यांना गोडाचा कंटाळा आहे त्यांना हा आवडतो. यात कॅफिन साध्यापेक्षा जास्त असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. अमेरिकेतल्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये साध्या कोकला ३४ मिलीग्रॅम, तर डाएट कोकला ४६. संध्याकाळनंतर झोप उडत असेल तर हे कारण असू शकतं.

कोका-कोला झिरो शुगर, म्हणजे आपल्या बोलण्यातला कोक झिरो, २००५ मध्ये आला. तो साध्या कोकच्या चवीजवळ जावा म्हणूनच केलेला आहे. साधा कोक पिणाऱ्याने सुरुवात याने करावी. मी आधी डाएट कोक आणला, नवऱ्याने एक घोट घेऊन ग्लास सरकवला, आणि पुढचे दोन महिने "बिनसाखरेचं सगळं असंच असतं" हे त्याच्या डोक्यात बसलं. चुकीच्या प्रकारापासून सुरुवात केली की माणूस परत साखरेकडे जातो.

पेप्सी ब्लॅक पेप्सी पिणाऱ्यांसाठी. त्याच घराण्यातला कोला ब्रिटनमध्ये पेप्सी मॅक्स आणि अमेरिकेत पेप्सी झिरो शुगर या नावांनी मिळतो. देशागणिक कृतीत थोडाफार फरक असतो.

थम्स अप एक्स फोर्स यातला सगळ्यात नवा. थम्स अप १९७७ मध्ये, कोका-कोलाने भारतातून गाशा गुंडाळला तेव्हा, पार्ले कंपनीच्या चौहान बंधूंनी काढलं, आणि त्याची तिखट, झणझणीत धार वेगळीच. ज्याला ती धार हवी, त्याचं कोक झिरोवर समाधान होत नाही. आमच्या घरी शेवटी हाच टिकला.

आता कमी साखरेचे कोला, म्हणजे अर्धी साखर आणि अर्धं स्वीटनर. अमेरिकेत २००४ मध्ये कोका-कोला सी२ आणि पेप्सी एज आले, २०१२ मध्ये पेप्सी नेक्स्ट. २०१३ मध्ये अर्जेंटिना आणि चिलीमध्ये हिरव्या लेबलचा, स्टीविया घातलेला कोका-कोला लाइफ आला. यातला एकही टिकला नाही. साखर सोडायची ती माणसं सरळ शून्यावर गेली आणि चव सोडायची नाही ती साध्यावरच राहिली. मधुमेह असलेल्या घरात माझं मतही तेच आहे. अर्ध्या साखरेचा हिशेब रोज कोण ठेवणार? शून्यवालाच आणा.

जाता जाता एक सांगते. ही पेयं मुळात हौसेसाठी निघाली नाहीत. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हायमन किर्श यांनी रुग्णालयातल्या मधुमेही आणि हृदयरोगी माणसांसाठी नो-कॅल नावाचं बिनसाखरेचं सोडापेय केलं. आपल्यासारख्याच घरांसाठी कुणीतरी ही वाट आधी काढली होती, हे वाचून मला धीर आला होता.

५. पहिले दोन आठवडे

चव पहिल्या दिवशी आवडणार नाही. साखरेमुळे येणारा दाटपणा नसतो, त्यामुळे तोंडात पातळ लागतं आणि शेवटी वेगळी गोडी जाणवते. उपाय साधा आहे, एकदम थंड द्या. थंडीत ही मागची चव दबते. बर्फ वितळून पाणी झालं तर ती उलट जास्त जाणवते, म्हणून बाटलीच थंड करा. जेवणाबरोबर द्या, नुसतं नको. आणि साध्या कोलाशी शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला लावू नका. दहा-बारा दिवसांत जीभ सरावते.

याच दिवसांत एक तपासणी करा. नुसता बिनसाखरेचा कोला, सोबत काहीही न खाता, प्यायच्या आधी आणि एक तासाने शुगर मोजा. आमच्याकडे आकडा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी तोच कोला आणि दोन सामोसे, तर आकडा सरसर चढला. चढवलं ते मैद्याने आणि बटाट्याने. "झिरो प्यायलो ना, मग आता खातो" हा विचार डोक्यात शिरला की सगळी मेहनत वाया जाते.

६. बाहेर असताना

हॉटेलात ग्लासात ओतून आणलेला कोला घेऊ नका. बंद कॅन किंवा बाटली टेबलावर आणून फोडायला सांगा. एका लग्नात आम्ही "डाएट आहे का" विचारलं, वाढप्याने हो म्हणून ग्लास दिला, आणि घरी येऊन मोजलं तर तीनशेच्या पुढे. यंत्रातून येणाऱ्या कोलाचाही भरवसा धरू नका. नळ शेजारी शेजारी असतात, पाकं बदलली जातात, आणि ग्लासात सगळं सारखंच दिसतं.

लग्नाकार्यात मी आता दोन कॅन पिशवीत नेते. कुणी काही म्हणत नाही.

मुलं परदेशात असतील तर: युरोपात पुष्कळ देशांत डाएट कोकलाच कोका-कोला लाइट म्हणतात. "लाइट" म्हणजे अर्धी साखर समजू नका, ती शून्यच असते. ब्रिटनची गोष्ट मात्र नीट समजून घ्या. तिथे एप्रिल २०१८ पासून १०० मिलीला पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या पेयांवर वेगळा कर आहे. त्यानंतर पुष्कळ कंपन्यांनी कृती बदलल्या. २०२३ मध्ये तिथल्या साध्या निळ्या पेप्सीची साखर १०० मिलीला १०.९ वरून ४.५५ ग्रॅमवर आली, बाकी गोडी स्वीटनरची. साधा कोक मात्र तसाच राहिला. याचं महत्त्व पुढच्याच टप्प्यात आहे. आपल्याकडे करात असा फरक नाही. सप्टेंबर २०२५ पासून या सोडापेयांना, साखर असो वा स्वीटनर, ४० टक्के जीएसटी सारखाच लागतो.

७. शुगर लो झाली तर बिनसाखरेचा कोला देऊ नका

हा टप्पा घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

२०२१ मध्ये नवऱ्याला इन्सुलिन सुरू झालं. एका संध्याकाळी इन्सुलिन घेतलं आणि पाहुणे आल्यामुळे जेवण लांबलं. मी स्वयंपाकघरातून आले तर त्याला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. शुगर लो झालीय हे ओळखलं, काहीतरी गोड द्यायचं हेही माहीत होतं. फ्रिज उघडला, समोरची काळी बाटली उचलली आणि ग्लासभर पाजलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तो आणखीच सुस्त होत गेला. शेजारच्या काकूंनी बाटली हातात घेऊन लेबल वाचलं तेव्हा कळलं की मी त्याला शून्य साखर पाजली होती. त्यांनी साखरेचं पाणी करून घोट घोट दिलं, आणि तो सावरला. ते दहा मिनिटं मी विसरलेले नाही. दोन वर्षं लेबलं वाचणारी मी, घाईत बाटली न फिरवता उचलली.

म्हणून नीट लक्षात ठेवा:

- मीटरवर ७० च्या खाली आकडा आला की पंधरा ग्रॅम जलद साखर द्यायची. तीन सपाट चमचे साखर पाण्यात, किंवा ग्लुकोज पावडर, किंवा साध्या कोलाचा १५० मिली.
- पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच.
- आकडा वर आला की पोळी, बिस्किटं असं काहीतरी खायला द्यायचं.
- माणूस शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर झोपवायचं आणि १०८ ला फोन करायचा.
- चिठ्ठीत व्होग्लिबोज किंवा अकारबोज असेल तर साखर लवकर चढत नाही, कारण ती औषधं साखरेचं आतड्यातलं विघटनच रोखतात. त्या घरात ग्लुकोज पावडरच हवी. हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा.
- ब्रिटनमध्ये असाल तर साध्या पेप्सीच्या १५० मिलीत सातच ग्रॅम साखर जाते. तिथे पंधरा ग्रॅमसाठी पूर्ण ३३० मिलीचा कॅन लागतो.

८. किती, आणि कुणी टाळावं

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेम "कर्करोगाशी संबंध असण्याची शक्यता" या गटात, म्हणजे २बी गटात घातलं आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच हलकल्लोळ झाला. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ४० मिलीग्रॅम हीच कायम ठेवली. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला, एका कॅनमध्ये दोनशे ते तीनशे मिलीग्रॅम धरले तर, दिवसाला नऊ ते चौदाहून जास्त कॅन लागतील. आमच्याकडे आठवड्याला तीन कॅन येतात. त्या आकड्यांकडे बघून मी घाबरणं सोडलं.

त्याच वर्षी मे महिन्यात त्याच संघटनेने वजन उतरवण्यासाठी अशा स्वीटनरवर अवलंबून राहू नये असं सुचवलं. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. पण घरातल्या बाकीच्यांनी, विशेषतः बारीक होण्यासाठी पिणाऱ्यांनी, ती लक्षात घ्यावी.

लहान मुलांना देऊ नका. फिनाइलकीटोन्युरिया असेल तर ९५१ पूर्ण वर्ज्य. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फॉस्फोरिक आम्लामुळे कोणताही कोला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात कॅफिनचा हिशेब ठेवा. आणि दात: साखर नसली तरी आम्ल आहेच. प्यायल्यावर चूळ भरा, ब्रश मात्र अर्ध्या तासाने करा.

तहान लागली तर पाणी किंवा ताक. कोला जेवणानंतरच्या त्या एका ग्लासापुरता.

९. घरात कसं ठेवायचं

ॲस्पार्टेम उष्णतेने आणि दिवस जातील तसं विघटत जातं आणि गोडी कमी होते. म्हणून दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या खोक्यातली बाटली घेऊ नका, आणि बनवल्याची तारीख बघून ताजी घ्या. उन्हाळ्यात स्वस्त मिळतात म्हणून दोन खोकी भरून ठेवू नका. झटपट थंड करायला फ्रीझरमध्ये टाकून विसरूही नका. साखर नसल्याने हा कोला साध्यापेक्षा आधी गोठतो आणि कॅन फुगून फुटतो.

आमच्या फ्रिजमध्ये आता दोन ठिकाणं ठरलेली आहेत. बिनसाखरेच्या बाटल्या खालच्या कप्प्यात. दाराच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात साध्या कोलाची एकच लहान बाटली, तिच्या गळ्याला लाल रबरबँड, आणि शेजारी ग्लुकोज पावडर. ती बाटली कुणी प्यायची नाही. दर तीन महिन्यांनी तारीख बघून नवी ठेवायची. घरी राहायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी पहिल्या दिवशी फ्रिजचं दार उघडून ती लाल रबरबँडची बाटली दाखवते.